पहिला नंबर कुणाचा?

आई पडली ती पहाटे सव्वापाचला. वाईला आमच्या आळीत नळाला पाणी पाचला येतं आणि पावणेसातला जातं. नळ सोडून ती नहाणीत वळली, चक्कर आली आणि डाव्या हातावर आपटली. उठता येईना. बादली भरली, वाहू लागली, गार पाणी तिच्या पाठीखालून मोरीकडे जात राहिलं. सहाला पुढच्या खोलीत मोबाइलचा गजर झाला. थायरॉइडच्या गोळीचा, मीच लावून दिलेला. वाजून वाजून आपोआप गप्प झाला. मग केव्हातरी नळ गुरगुरून थांबला, तेव्हा तिला कळलं की दीड तास झाला. दूधवाले मामा सातला येतात. "म्हटलं, आता पंधरा मिनिटं. उगाच ओरडून घसा कशाला फोडा?" असं तिने मला नंतर दवाखान्यात सांगितलं, जणू एसटीची वाट बघत होती.

मामांनी हाका मारल्या, आतून क्षीण ओ आली, पण दाराला आतून कडी. शेवटी समोरच्या वहिनींचा मुलगा परसाच्या भिंतीवरून उडी मारून आला आणि मागच्या दाराची कडी उचकटली. त्या कडीकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही. सगळे पडण्याबद्दल बोलत होते. आठवड्याभरात सुताराने तीच कडी पहिल्यापेक्षा घट्ट बसवून दिली आणि आम्ही त्याचे आभार मानले.

मनगटाचं हाड मोडलं होतं, खुबा वाचला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, बीपीच्या गोळीची वेळ बदलली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात पडणं वाईटच, पण पडून राहणं त्याहून वाईट." तासन्‌तास एकाच अंगावर पडलं की दाबले गेलेले स्नायू खराब होतात, त्यातून मूत्रपिंडावर ताण येतो, शरीर गार पडतं, पोटात पाणी नाही. हाड महिना-दीड महिन्यात जुळतं, या बाकीच्या भानगडी माणसाला झोपवतात. आईचं वय एकोणऐंशी. मी पुण्यात, कोथरूडला. मध्ये खंबाटकीचा घाट. तो मोकळा असेल तर दोन तास, नसेल तर देवाची मर्जी.

पुण्याला चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "चौथ्या मजल्यावर टांगून ठेवशील मला." तेव्हा तो विषय सोडून मी "बटण" शोधायला लागले. गळ्यात किंवा हातात घालायचं, दाबलं की कुणीतरी यावं, असं काहीतरी.

सुरुवात न्यू जर्सीतल्या मामेबहिणीपासून केली. तिच्या सासूबाईंच्या गळ्यात असं बटण आहे. दाबलं की हॉलमधल्या डब्यातून बाई बोलते, "काय झालं, ठीक आहात ना?" म्हणून विचारते. उत्तर आलं नाही तर मुलाला फोन, मग रुग्णवाहिका. दर महिन्याला पैसे भरायचे. ऐकायला झकास. मी पुण्यातल्या तशाच एका सेवेला फोन केला. मुलगा फार गोड बोलला, वार्षिक योजना समजावली, शेवटी पत्ता विचारला. वाई म्हटल्यावर थांबला. "मॅडम, बटण देऊ आम्ही, पण आमची माणसं महापालिका हद्दीतच जातात. बाहेर असाल तर आम्ही तुम्हालाच फोन करू." म्हणजे आईने बटण दाबायचं, त्याने पुण्यातून मला पुण्यात फोन करायचा, आणि मी घाट चढायचा. यासाठी वर्षाचे पैसे आगाऊ.

ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनलाही फोन लावून पाहिला. पलीकडच्या बाईंनी मनापासून माहिती दिली. पण ती सल्ल्याची, मदतीची लाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. पहाटे सव्वापाचला नहाणीत पडलेल्या माणसासाठी ती नाहीच. तिथे ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. एक गोष्ट मला या सगळ्यात नव्याने कळली: २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोबाइलला पॅनिक बटण, म्हणजे थेट ११२ ला फोन लावणारं बटण, असावं असा नियम आहे. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा. आईच्या साध्या फोनवर मी तिला ५ कुठे ते दाखवलं. दाबून मात्र बघितलं नाही, कंट्रोल रूमला उगाच कशाला धावायला लावा. आणि मूळ अडचण होतीच. फोन पुढच्या खोलीत असतो, माणूस नहाणीत पडतो.

मग घड्याळाचा नाद. हा माझ्या लेकाचा. त्याच्याकडे अ‍ॅपलचं घड्याळ आहे. २०१८ च्या सिरीज ४ पासून त्यात पडणं ओळखायची सोय आहे. जोराचा दणका बसला की घड्याळ मनगटावर टकटक करतं, वाजतं, "पडलात का?" म्हणून विचारतं. मिनिटभर काहीच हालचाल नसली तर आकडे मोजत मोजत स्वतःच आपत्कालीन नंबर लावतं. तो शनिवार-रविवार आपला आयफोन आणि घड्याळ घेऊन आजीकडे राहायला गेला, मीही गेले. डाव्या हाताला प्लास्टर, म्हणून घड्याळ उजव्या हातात, दोन बांगड्यांच्या वर.

शनिवारी दहा वाजता आईने खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला घेतले. चौथ्या-पाचव्या दणक्याला घड्याळ किंचाळलं. आईने ते कानाजवळ नेलं, "काय म्हणतंय मेलं?" पडद्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं. लेकाने धावत येऊन "मी ठीक आहे" दाबलं. दुपारी आम्ही उलटी परीक्षा घेतली. घड्याळ मी घातलं आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू घसरत खाली बसले, चक्कर आलेला माणूस बसतो तशी. दोनदा. घड्याळ ढिम्म. नंतर वाचलं तर ते तसंच आहे, आपटणं त्याला कळतं, सावकाश कोसळणं कळेलच असं नाही. आईच्या वयाची माणसं पुष्कळदा सावकाशच कोसळतात.

तरी मी ते घेतलंही असतं. पण रविवारी सकाळी बघते तो घड्याळ देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. "सोवळ्यात रबराचा पट्टा?" आंघोळीआधी काढलेलं, पूजा होईपर्यंत तसंच. म्हणजे पहाटे पाच ते साडेसात, ती पडली नेमकी ती वेळ, घड्याळ कोनाड्यात. वर रोज चार्जिंग. आणि जोडीला आयफोन हवाच, तो खर्च वेगळा. लेक हिरमुसला. मला बरंच वाटलं, कारण तोवर मी दुसरंच काही मागवून ठेवलं होतं.

ते होतं पेंडंट. सिमकार्ड घालायचं, मध्ये लाल बटण, तीन नंबर भरायचे. बटण तीन सेकंद दाबलं की पहिल्याला फोन, नाही उचलला तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. बोलायला आतच स्पीकर. साधारण दोन हजारांत. जाहिरातीत पांढऱ्या केसांच्या गोऱ्या आजी हसत होत्या.

त्याच्याशी मी तीन आठवडे झगडले. कुणाला घ्यायचं असेल तर एवढं सांगते. आधी माझ्याकडचं जिओचं सिम घातलं, दिवाच लागेना. दोन दिवसांनी मोबाइल दुरुस्तीवाल्याने खोक्यावरची बारीक ओळ वाचून दाखवली. यंत्र फक्त टूजीचं, आणि जिओकडे टूजी मुळात नाहीच. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर माजघरापर्यंत ठीक, नहाणीत रेंज गुल. आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड, दगड-मातीच्या. उन्हाळ्यात त्यांचं कौतुक करताना हे कधी लक्षात येत नाही. तिसरं सिम चाललं. आता सेटिंग. ते सगळं एसएमएस पाठवून करायचं, स्टार, हॅश, पासवर्ड, स्वल्पविराम चुकला की गप्प.

त्यातली एक सेटिंग माझ्याकडून राहिली. हे यंत्र आलेला फोन स्वतःच उचलतं, म्हणजे पडलेल्या माणसाला काही करावं लागू नये. चांगलीच कल्पना. पण कुणाचाही फोन उचलतं. तिसऱ्या दिवशी आई विष्णुसहस्रनाम म्हणत बसलेली असताना तिच्या छातीवरून एक बाई मोठ्याने म्हणाली, "नमस्कार सर, आपल्याला पर्सनल लोनची आवश्यकता आहे का?" आईने पेंडंट काढून तांदळाच्या डब्यात घातलं आणि वर झाकण लावलं. मला संध्याकाळी कळलं. ओळखीच्या नंबरांखेरीज कुणाचा फोन घेऊ नये, अशी सोय होती. ती लावेपर्यंत आईचा त्या वस्तूवरचा विश्वास उडालेला.

त्याहून वाईट गोष्ट विसाव्या-बाविसाव्या दिवशी झाली, आणि तिचा आवाजही आला नाही. सिम प्रीपेड. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, त्यातले काही दिवस माझ्या खटपटीतच गेलेले. मुदत संपली, जाणारे फोन बंद. यंत्राचा हिरवा दिवा मात्र लुकलुकतोय. मी सहज "दाबून बघ गं" म्हटलं म्हणून कळलं. तो दिवा काय दाखवतो कुणास ठाऊक, फोन लागेल की नाही हे तर नक्कीच दाखवत नाही.

ते परत केलं. दुसरं फोरजीचं घेतलं, साडेतीन हजारांच्या आसपास, आणि त्याच्या सिमला वर्षाचा रिचार्ज एकदम मारला. पाण्याचं विचाराल तर खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं हवं. म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. अर्थात ती परीक्षा साध्या पाण्याची, कढत पाणी आणि साबण यांचं कुणी लिहून देत नाही. यालाही पडणं ओळखायची सोय होती. दुपारी आई पलंगावर धपकन आडवी होते, त्यात एका दिवसात तीनदा वाजलं, तेव्हा ती बंद करून टाकली. जीपीएसवरून वेगळंच रामायण झालं. "मी कुठे जाते ते तुला पुण्यात बसून दिसणार? मी काय चोर आहे?" घाटावर, देवळात, भाजीला, यापलीकडे ती जात नाही, पण मुद्दा तो नव्हताच. बटण दाबलं तरच ठिकाण कळेल असं लावून दिलं आणि तिच्यासमोर मोबाइल उघडून दाखवलं की आता काही दिसत नाही. मग म्हणाली, "दोरी तरी बरी आण. ही काळी बघून गोठ्यातल्या गाईसारखं वाटतं." वाईच्या बाजारातून तिने स्वतः लाल गोफ निवडला.

आता नंबर. पहिला नंबर माझा, यात मला शंकाच नव्हती. दुसरा भावाचा, तो बंगळुरूला. तिसरा समोरच्या वहिनींचा. आई म्हणाली, "बघू तरी, कोण कधी येतं ते." बोलली सहज, पण त्यावरून मी एका रविवारी ठरवून टाकलं की खरंच बघायचं. नवऱ्याला पुण्यात सांगितलं की माझा फोन तू घरातच ठेव, नेहमीसारखा. मी वाईला, पेंडंट माझ्या गळ्यात. दार आतून लावलं, आईला परसात खुर्ची दिली आणि नहाणीत ओल्या फरशीवर डाव्या कुशीवर आडवी झाले. बटण दाबलं. कोपऱ्यातल्या घंगाळ्याच्या बुडाला हिरवट डाग आहेत, ते मी एरवी कधी पाहिले नव्हते.

माझा फोन कोथरूडला वाजत राहिला. अनोळखी नंबर म्हणून नवऱ्याने उचलला नाही. मी कधीतरी ठरवूनही पेंडंटचा नंबर नावाने साठवला नव्हता. भावाचा फोन रविवार म्हणून सायलेंटवर. तिसरा वहिनींना लागला. त्या "आले आले" म्हणाल्या, आणि खरंच आल्या. बाहेरून दार वाजवायला लागल्या. कडी आतून. मला जाऊन उघडायचा मोह झाला, पण आई परसातून म्हणाली, "पडून राहा. तू पडलीयस." वहिनींनी मुलाला बोलावलं, तो पुन्हा भिंतीवरून आला, पण मागची कडी आता घट्ट होती. शेवटी मीच उठून उघडलं. घड्याळात सतरा मिनिटं. अजून कुणी आत आलेलंच नव्हतं.

सोमवारी सुताराला बोलावून पुढच्या दाराची कडी काढली आणि बाहेरूनही किल्लीने उघडणारं लॅच बसवलं. आई रात्री कडीशिवाय झोपायला तयार नव्हती, दोन रात्री झोपलीही नाही म्हणे. किल्ल्या तीन केल्या: एक वहिनींकडे, एक दूधवाल्या मामांकडे, एक कोपऱ्यावरच्या निवृत्त गुरुजींकडे, ज्यांच्याकडे गाडी आहे. त्या तिघांकडे मी एकेक करून गेले, चहा घेतला, आणि सरळ विचारलं, रात्री दोनला फोन आला तर याल का? गुरुजी म्हणाले, "येईन, पण कान कमी झालाय, रात्री फोन ऐकू येत नाही." किती बरं केलं त्यांनी सांगितलं! ते दिवसाचे, वहिनी रात्रीच्या.

आणि नंबर बदलले. पहिला वहिनी, दुसरा गुरुजी, तिसरा मी. भावाला वगळलं, तो जरा दुखावला. खरं सांगायचं तर मलाही तो आकडा ३ भरताना हात जड झाला. आईला काही झालं आणि मला सगळ्यांत शेवटी कळणार? लेक म्हणून माझा नंबर पहिला असावा, हे मला वाटत होतं, तिला नव्हे. तिने विचारलं, "तू पहिली असलीस तर करणार काय? वहिनींनाच फोन ना?" मग मधली पायरी कशाला.

वहिनींसाठी आणखी एक जोड दिली, ती मला या सगळ्यात सगळ्यांत जास्त आवडते. बिनतारी डोअरबेल. नऊशे रुपयांचा संच, दोन बटणं, एक घंटा. घंटा वहिनींच्या स्वयंपाकघरात. खोक्यावर शंभर मीटर लिहिलं होतं, आमच्या भिंतींमधून जेमतेम आळी ओलांडते, पण तेवढंच हवंय. पहिली घंटा प्लगात लावायची होती. वीज गेली की मुकी. ती बदलून सेलवर चालणारी आणली. यात ना सिम, ना रिचार्ज, ना लोनवाली बाई. दर रविवारी चारला आई दाबते, वहिनी खिडकीतून हात करतात. पेंडंट सोमवारी-गुरुवारी संध्याकाळची मालिका बघताना शेजारी चार्जिंगला लावते.

पोलिस ठाण्यातही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद करता येते, तीही करून आलो. आई तयार होऊन, नवी साडी नेसून आली होती.

एवढं झाल्यावर गेल्या महिन्यात मी पहाटे वाईला पोचले, तर आई आंघोळीला आणि लाल गोफ खुंटीवर. "ओला होतो, मग दिवसभर गळ्याला गार लागतो." मी काही बोलले नाही. डोअरबेलचं दुसरं बटण तसंच पडून होतं, ते घेऊन नहाणीत गेले. भिंतीवर कुठे लावायचं? मी खांद्याच्या उंचीवर धरलं. आई दारात काठी टेकून उभी होती.

"तिथे नाही," ती म्हणाली. "माझं डोकं इथे होतं, मोरीकडे. पाय घंगाळ्यापाशी." काठीने तिने फरशीवर रेघ दाखवली. आजवर मला हे तिने सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. "हा हात मोडला होता, खाली अडकलेला. हा मोकळा होता. नळाला पोचत नव्हता, किती केलं तरी. इथवर येत होता."

काठीचं टोक भिंतीला जिथे टेकलं तिथे मी पेन्सिलीने खूण केली. फरशीपासून एक वीत. चिकटपट्टी ओल्या भिंतीवर धरेना, म्हणून सुताराला पुन्हा बोलावून स्क्रूने बसवलं. तो वाकून बसवताना म्हणाला, "एवढ्या खाली, ताई? इथे तर पोरं दाबतील."